स्टेज कुठली ते राहू दे, आधीच्या पायऱ्या बघ

जय भीम बाळा, नमो बुद्धाय.

तुझा मेसेज परवा रात्रीच वाचला होता पण दोन ओळींत उत्तर देऊन भागणारं नव्हतं म्हणून आज सवडीने लिहितेय. तू म्हणतेस इगतपुरीच्या विपश्यना शिबिराहून आल्यावर पंधराएक दिवस बैठक मस्त लागली, मन शांत, अंगभर संवेदना कळायच्या, आणि आता बसलं की दहा मिनिटांत चुळबुळ, डोक्यात ऑफिस, डोक्यात घरचे, मग उठून तू यूट्यूबवर चार ध्यानं (एकाग्रतेच्या चढत्या अवस्था) आणि विपश्यनेचे टप्पे असले व्हिडिओ बघत बसतेस आणि मला विचारतेस की मावशी, मी नेमकी कुठल्या स्टेजला आहे, पुढची पायरी कोणती?

पुढच्या पायरीचं नंतर बघू. मला वाटतं तुझं मागेच काहीतरी राहिलंय.

तू दिवसभर अकाउंट्सचं काम करतेस, रिटर्न भरतेस, टॅली उघडून बसलेली असतेस, म्हणून तुला मज्झिम निकायातला, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या एका जुन्या पाली संग्रहातला, गणक मोग्गल्लान सांगते. (महामोग्गल्लान वेगळे, ते भगवंतांचे, म्हणजे बुद्धांचे अग्रश्रावक, मुख्य शिष्य. हा हिशेब शिकवणारा ब्राह्मण.) श्रावस्तीला पूर्वारामात, विशाखा उपासिकेच्या त्या प्रासादात तो भगवंतांना भेटायला आला आणि त्याने अगदी हिशेबनीसाचा प्रश्न विचारला. या प्रासादाला खालपासून वरपर्यंत पायऱ्या आहेत, धनुर्विद्या क्रमाने शिकवतात, आम्ही गणक लोकही शिष्य आला की आधी एक मग दोन मग तीन असं करत शंभरापर्यंत मोजायला लावतो, तर तुमच्या धम्मविनयात असा काही क्रम दाखवता येतो का? भगवंत म्हणाले, येतो. आणि त्यांनी तो सांगितला, आधी शील, मग डोळे-कान-नाक-जीभ-शरीर-मन या इंद्रियांच्या दारावर पहारा, मग खाण्यात प्रमाण, मग जागरूकता म्हणजे दिवसा आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरी चालत-बसत मन स्वच्छ करायचं, मधल्या प्रहरी झोपायचं, शेवटच्या प्रहरी उठायचं, मग जाता-येता, खाता-पिता, बोलता-गप्प बसता सगळीकडे स्मृती (सावधपण) आणि संप्रजन्य (काय करतोय याचं भान), आणि हे सगळं झाल्यावर कुठे एकांतात जाऊन मांडी घालायची, पाच नीवरणं म्हणजे मनाचे अडथळे दूर करायचे, आणि मग पहिलं ध्यान.

बघ किती उशिरा आलं ते. आपण बहुतेक जण मात्र मांडी घालण्यापासूनच मोजायला सुरुवात करतो.

आता तुझ्या इगतपुरीच्या दहा दिवसांकडे या नजरेने बघ. पहिल्याच संध्याकाळी पंचशील घेतलंस, आणि आर्य मौन असल्यामुळे खोटं बोलायची, चुगली करायची, कुणाला टाकून बोलायची सोयच नव्हती. फोन जमा केलेला. वाचायला काही नाही, लिहायला काही नाही, पुरुष एकीकडे बायका एकीकडे, म्हणजे इंद्रियांच्या दारावरचा पहारा आयता मिळाला. संध्याकाळी पाचला चहा आणि फळ, जुन्या साधकांना तर नुसतं लिंबूपाणी, म्हणजे खाण्यात प्रमाण. पहाटे चारची घंटा, रात्री साडेनऊला दिवे बंद. गणक मोग्गल्लानाला सांगितलेली यादी अख्खी त्या टाइमटेबलात बसवलेली आहे बाळा, आणि तिच्या आधारावर साडेतीन दिवस आनापान म्हणजे श्वासावर लक्ष, मग चौथ्या दिवशी विपश्यना म्हणजे अंगावरच्या संवेदना बघणं, शेवटी मेत्ता म्हणजे मैत्रीभावना. गोयंका गुरुजी 1969 मध्ये ब्रह्मदेशातून सयाजी उ बा खिन यांची ही पद्धत घेऊन भारतात आले, पुढे 1976 पासून इगतपुरीच्या धम्मगिरीला शिबिरं भरायला लागली, आणि मला नेहमी वाटतं की त्या पद्धतीची निम्मी ताकद त्या शिस्तीत आहे ज्याकडे आपलं लक्ष जात नाही. तुला शांतता मिळाली आणि तू तिचं सगळं श्रेय बैठकीला दिलंस. घरी येताना बैठक तेवढी उचलून आणलीस, बाकीचं सगळं तिथेच राहिलं, आणि आणलेली पुंजी पंधरा दिवसांत संपली.

शील म्हटलं की तुमच्या वयाच्या मुलांना वाटतं हा नैतिकतेचा तास सुरू झाला, विहारात लहानपणापासून म्हणतोय, पाठ आहे, झालं. पण ते ध्यानाच्या आधी का ठेवलंय याचं कारण अंगुत्तर निकाय या दुसऱ्या संग्रहात फार स्वच्छ दिलेलं आहे. भगवंतांचे शिष्य आनंद विचारतात की या कुशल शीलांचा उपयोग काय, आणि भगवंत म्हणतात, मनाला टोचणी राहत नाही हा उपयोग. टोचणी नसली की मनात प्रसन्नता येते, प्रसन्नतेतून प्रीती, प्रीतीने शरीर शांत होतं, शांत शरीराला सुख वाटतं, आणि सुखी माणसाचं चित्त एकाग्र होतं, आणि एकाग्र चित्ताला गोष्टी जशा आहेत तशा दिसायला लागतात. पुढे तर असंही सांगितलंय की शीलवान माणसाला 'मला टोचणी नको' असं मुद्दाम ठरवावं लागत नाही, ज्याचं शरीर शांत आहे त्याला 'मला सुख मिळो' असं ठरवावं लागत नाही, सुखी माणसाला 'माझं चित्त एकाग्र होवो' असं ठरवावं लागत नाही, हे आपोआप होतं, हाच धम्मतेचा, म्हणजे निसर्गाचा नियम आहे. मला या सगळ्या मार्गातली सगळ्यात मोठी दिलासा देणारी गोष्ट हीच वाटते. पुढची पायरी खेचून आणावी लागत नाही गं, चालू पायरी नीट झाली की ती येते.

आणि उलटंही तितकंच खरं आहे. समज तू संध्याकाळी सातला बसलीस. दुपारी सरांनी विचारलं होतं की त्या पार्टीला स्टेटमेंट पाठवलं का, आणि तू पाठवलं नव्हतंस पण 'हो, केव्हाच' म्हणालीस आणि मग घाईघाईत पाठवून दिलंस. कुणाचं काही बिघडलं नाही. पण श्वासावर लक्ष ठेवायला गेलीस की तिसऱ्या मिनिटाला तेच, मेलची वेळ बघितली तर, उद्या विचारलं तर, काय सांगायचं, असं सांगितलं तर, आणि बघता बघता तू अख्खं उत्तर तयार करून बसलेली असतेस आणि श्वास कुठल्या कुठे. तू याला म्हणतेस 'माझं कॉन्सन्ट्रेशन कमी आहे'. कॉन्सन्ट्रेशन चांगलं आहे तुझं, वीस मिनिटं एकाच विषयावर होतीस की! फक्त तो विषय दुपारी तोंडातून निघालेल्या त्या दोन शब्दांनी ठरवला. यावर कुठलंही ध्यानाचं तंत्र चालत नाही, यावर उपाय दुपारीच करावा लागतो.

म्हणून तुला पहिलं काम सांगते ते वाणीचं. भगवंतांनी आपल्या मुलाला, राहुलला केलेला उपदेश तुला माहीत असेल, नसेल तर मुळातून वाच. अट्ठकथा (सुत्तांवरची जुनी टीका) म्हणते तेव्हा तो सात वर्षांचा होता. भगवंतांनी पाय धुतले, भांड्यात थोडंसं पाणी उरवलं, ते दाखवलं, मग सांडलं, भांडं पालथं केलं, आणि सांगितलं की ज्याला जाणूनबुजून खोटं बोलायची लाज नाही त्याचं श्रमणपण असंच थोडं, असंच सांडलेलं, असंच रिकामं. मग विचारलं आरसा कशासाठी असतो, राहुल म्हणाला बघण्यासाठी, तर म्हणाले तसंच कायेने, वाणीने, मनाने काही करायच्या आधी बघ, करताना बघ, करून झाल्यावर बघ, की यातून मला किंवा दुसऱ्याला त्रास होतोय का. चुकीचं झालं असेल तर गुरूंना नाहीतर जाणत्या सोबत्यांना सांगून मोकळं व्हायचं आणि पुढे आवरायचं, कुढत बसायचं नाही. सम्राट अशोकाने राजस्थानातल्या बैराटच्या शिलालेखात भिक्खू-भिक्खुणी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत असे जे थोडे उपदेश नावानिशी सांगितलेत त्यात खोटं बोलण्याबद्दलचा हा राहुलचा उपदेश आहे, एवढं त्याचं महत्त्व. आणि आनापानाचं म्हणशील तर ते राहुलला नंतर मिळालं, अट्ठकथेप्रमाणे अठराव्या वर्षी, आणि तेव्हाही श्वासाच्या आधी पृथ्वी-पाणी-तेज-वायू-आकाश, मग मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा हे सगळं सांगून झाल्यावर. पोटच्या मुलालासुद्धा शॉर्टकट दिला नाही भगवंतांनी.

फोनबद्दल मी लेक्चर देणार नाही, तुला माहितीये. फक्त बैठकीच्या आधीचा अर्धा तास आणि उठल्यावरचा अर्धा तास तो दुसऱ्या खोलीत ठेव, बाकीचं पुढे बघू.

खाण्याचं मात्र सांगते कारण हळूहळू म्हणजे काय ते यात छान दिसतं. कोसलचा राजा पसेनदी, द्रोणभर (पानाचा द्रोण नव्हे, तेव्हाचं मोठं माप) भात खायचा, एकदा असाच भरपेट जेवून धापा टाकत भगवंतांकडे आला. भगवंतांनी एक गाथा म्हटली, की स्मृती ठेवून मिळालेल्या अन्नात प्रमाण ओळखणाऱ्या माणसाच्या वेदना कमी होतात, तो हळूहळू म्हातारा होतो. मागे सुदर्शन नावाचा तरुण उभा होता, राजाने त्याला ती गाथा पाठ करायला लावली, रोज जेवताना म्हणायची, रोजचे शंभर कहापण (तेव्हाची नाणी) देईन. राजाने जेवण एकदम बंद केलं नाही, उपास धरला नाही. ताट समोर असताना गाथा कानावर पडत राहिली आणि हळूहळू तो नाळीभर, म्हणजे लहान मापाच्या भातावर आला, अंगाने हलका झाला, आणि मग स्वतःच्या अंगावरून हात फिरवत म्हणाला की भगवंतांनी माझं इहलोकीचंही भलं केलं आणि परलोकीचंही. तू रात्री साडेदहाला पार्सल मागवून जेवतेस आणि पहाटे पाचला बसल्यावर झोप का येते विचारतेस, तर बाळा याचं उत्तर कुठल्याच टप्प्यात नाही, ते त्या पार्सलमध्ये आहे.

तरीही झोप येणारच, ऑफिस करून बसणाऱ्याला येतेच. खुद्द महामोग्गल्लान मगधातल्या एका गावी बसल्या बसल्या पेंगत होते आणि भगवंतांनी त्यांना एकामागून एक उपाय सांगितले, ज्या विचाराने पेंग आली तो सोड, ऐकलेल्या धम्माचा मनात विचार कर, तो मोठ्याने म्हण, कान ओढ आणि हातपाय चोळ, उठून डोळ्यांवर पाणी मार आणि चारी दिशांना, वर चांदण्यांकडे बघ, मनात उजेड आण, चंक्रमण कर म्हणजे येरझाऱ्या घाल, आणि एवढं करूनही गेली नाही तर उजव्या कुशीवर झोप पण उठायची वेळ मनाशी धरून झोप आणि जाग आली की लगेच ऊठ. किती माणुसकीचं आहे हे! ज्यांना अग्रश्रावक म्हणतो त्यांनाही झोपायची परवानगी आहे. तेव्हा पेंग आली म्हणून स्वतःला नालायक ठरवू नकोस, नीवरण आहे ते, नाव घे आणि उपाय कर.

आणखी एक, तू लिहिलंस की भाऊ म्हणतो हे डोळे मिटून बसणं म्हणजे चळवळीपासून पळणं आहे. त्याच्याशी भांडू नकोस. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी आपल्या लोकांना ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या त्यात अष्टांगिक मार्ग आहे, दहा पारमिता (पूर्णत्वाला न्यायचे सद्गुण) आहेत, चोरी-व्यभिचार-खोटं-दारू सोडणं आहे, प्रज्ञा, शील, करुणा आहे. त्यांनी धम्म रस्त्यावरच्या, घरातल्या, कामावरच्या वागण्यात ठेवला. आपण ज्या क्रमाबद्दल बोलतोय त्याची सुरुवातसुद्धा माणसांशी कसं वागायचं इथूनच होते, आणि गृहस्थांना भगवंत बोलायला लागले की दानापासून सुरुवात करायचे, यश नावाच्या तरुणाला वाराणसीला तसंच सांगितलं, आधी दान, मग शील, आणि मन तयार झालेलं दिसल्यावर चार आर्यसत्यं. तेव्हा रविवारी विहारात मुलांचा गणिताचा क्लास घेतेस ना, तो ध्यानासाठी बंद करायचा विचार डोक्यातून काढून टाक. भाऊ आला तर त्यालाही क्लासला घेऊन ये.

शेवटी गणक मोग्गल्लानाने अजून एक विचारलं होतं, की तुम्ही असा उपदेश केल्यावर सगळे शिष्य निर्वाणाला पोचतात का. भगवंत म्हणाले काही पोचतात, काही नाही. का, तर तुला राजगृहाचा रस्ता माहीत आहे, तू दोघांना नीट सांगितलास, एक बरोबर पोचला आणि दुसऱ्याने भलताच रस्ता धरला, त्याला तू काय करणार? तथागत रस्ता दाखवणारा आहे. मग मी तर विहारातली एक साधी उपासिका, तू कुठल्या स्टेजला आहेस याचा दाखला मी देणार नाही, आणि ऑनलाइन कुणी देत असेल तर घेऊ नकोस.

या महिन्यापुरतं एवढं कर. सकाळची बैठक अर्ध्या तासावर आण पण चुकवू नकोस. रात्रीचं जेवण आठच्या आत. झोपायच्या आधी वही घेऊन दिवसभरात तोंडातून काय गेलं तेवढं बघ, खोटं, चुगली, कठोर, वायफळ, चारच रकाने, तुला रकाने पाडायला सांगायला नको. येत्या पौर्णिमेला सुट्टी टाकता आली तर टाक, आपण विहारात उपोसथ (व्रताचा दिवस) धरू, अष्टशील म्हणजे त्या दिवसापुरती आठ शीलं घेऊ. पांढरा ड्रेस घालून सातला ये, फोन घरी ठेव. डबा मी आणते दोघींचा, बाराच्या आत जेवायचंय, तिखट कमी घालू का ते तेवढं कळव.

तुझी मावशी