रोमन लोक उत्तरेकडच्यांना रानटी का समजत? भूगोलाच्या ग्रंथांचा त्यात हात होता का?

होता, आणि चांगलाच. मूळ कल्पना ग्रीकांची: जसं हवापाणी तसा माणूस. विट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदाने ती थेट सत्तेला जोडली. उत्तरेचे लोक धिप्पाड, शूर, पण मंदबुद्धी. दक्षिणेचे हुशार, पण भित्रे. इटली बरोबर मधोमध, म्हणून जगावर राज्य रोमने करावं. ग्रंथ अर्पण कोणाला? सम्राट ऑगस्टसला!

त्याच सुमाराचा ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो तर मासलेवाईक. ब्रिटनला स्वतः गेला नाही. रोममध्ये काही ब्रिटिश पोरं पाहिली: तिथल्या सर्वांत उंच माणसांपेक्षाही अर्धा फूट उंच, पण पाय फेंगडे. ब्रिटनमध्ये दूध मुबलक, तरी काहींना चीज करता येत नाही, हेही तो नोंदवतो. आयर्लंडचे लोक मेलेल्या बापाला खातात असं लिहितो आणि लगेच कबूल करतो की याला भरवशाचा साक्षीदार नाही. तरी वाक्य खोडत नाही.

सगळीच निंदा नव्हती म्हणा. इ.स. 98 मध्ये रोमन इतिहासकार टॅसिटसने जर्मनांच्या साध्या, एकपत्नी संसाराचं कौतुक केलं. पण तो टोमणा रोमच्या बायकापुरुषांना होता. आळशी आणि दारुडे हे शिक्के त्यानेही मारलेच.