जुन्या टाटा 407 ट्रकचा ब्रेक गाडी तापली की कडक होतो. व्हॅक्यूमचा पाइप गेला की बूस्टर, कसं ओळखायचं? पाइप घरी दुरुस्त होतो का?

बूस्टर, म्हणजे व्हॅक्यूमच्या ओढीने ब्रेकला जोर देणारा डबा, उतरवू देऊ नका, भाऊ. आधी होज, म्हणजे तो व्हॅक्यूमचा रबरी पाइप, बघा. तुम्ही लिहिलंय की सकाळी ब्रेक ठीक लागतो, माल भरून गाडी तासभर चालली की पेडल दबत नाही, अन् गॅरेजवाला बूस्टर बदला म्हणतो. आमच्या 407 चं नेमकं हेच झालं होतं, म्हणून लिहायला बसलो.

अशा जुन्या डिझेल गाडीत व्हॅक्यूमचा पंप बहुतेक डायनमोच्या मागे असतो, तिथून होज, एनआरव्ही (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह), मग बूस्टर, हे तुम्हाला माहीत असेलच. यात सगळ्यात स्वस्त होज, अन् गॅरेजवाले शेवटी बघतात तोच.

आमची गाडी परतवाड्याहून धारणीला किराणा अन् सिमेंट न्यायची. सेमाडोह, हरिसाल, सगळा मेळघाटचा रस्ता. एकदा परत येताना घटांगच्या खालच्या उतारावर पेडल दगड झालं. दुसऱ्या गिअरमध्ये, दोन्ही पाय ब्रेकवर देऊन गाडी खाली आणली. सोबत भाऊजी होते, गाडीत त्यांचा अर्धा वाटा. ते म्हणाले, "बूस्टर गेला बापा, दुसरं काही नाही." दुसऱ्या दिवशी शहरातल्या एका गॅरेजात नेली, तिथल्या मिस्त्रीनेही पेडल दाबून तेच सांगितलं. मी म्हटलं, गाडी रात्रभर उभी होती, आधी तापवून बघा. तर भाऊजी म्हणतात, "तुले काय समजते त्यातलं?" नवा बूस्टर बसला. ब्रेक मस्त लागला, भाऊजी खूश. पुढच्याच खेपेला घाटात पुन्हा पेडल कडक.

त्या दिवशी घरी आल्यावर मी इंजिन बंदच केलं नाही. तसंच बॉनेट उघडलं. होज वरून चांगला दिसत होता, कुठे चीर नाही, घासल्याची खूण नाही. पण एक्झॉस्टच्या पाइपाजवळ जिथे वळत होता, तिथे पार चपटा झालेला. बूस्टरकडचं टोक काढून अंगठा लावला, तर ओढ नावालाच. पंपाच्या तोंडावर लावला तर अंगठा सुटेना. इंजिन बंद केल्यावर, गार होताहोता होज परत गोल झाला. मग ब्लेडने उभा चिरला. आतला रबराचा थर सुटून त्याचा पापुद्रा लोंबत होता. तापला की मऊ पडायचा, पंपाने ओढलं की आतल्या आत चिकटून वाट बंद. कोणीतरी आधी तिथे डिझेलचा साधा होज लावून ठेवला होता. व्हॅक्यूमचा होज वेगळा, जाड अन् आत धाग्याचा पदर असलेला. तो आणून, एक्झॉस्टपासून दूर बांधून बसवला. गाडी विकेपर्यंत ती तक्रार परत आली नाही.

भाऊजी आजही चारचौघांत सांगतात की नव्या बूस्टरनेच ब्रेक सुधारला. उतरवलेला जुना बूस्टर मी गॅरेजातून मागून आणला होता. तो काकांच्या 407 ला बसवला अन् त्या गाडीने त्यावर संत्र्याचे कितीतरी हंगाम काढले. गेलेला बूस्टर असा चालतो का?

आता तुमच्या गाडीचं. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, कडक होईल. तसंच दाबून धरा अन् इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं तर व्हॅक्यूम पोचतोय. पण हे गाडी तापल्यावरच करा, सकाळी करून काही उपयोग नाही. काही जण गळती शोधायला साबणाचं पाणी लावतात अन् फुगे शोधतात. इथे हवा आत ओढली जाते, फुगा येणार कुठून? त्यापेक्षा कान लावा. पेडल दाबल्यावरच फुसफुस येत असेल तर मात्र बूस्टरच बघावा लागेल, तेवढं मी मान्य करतो. इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पहिलाच ब्रेक कडक लागला, तर एनआरव्ही हवा धरत नाही किंवा कुठे तरी गळतंय.

होज टोकाशी चिरला असेल तर तेवढा तुकडा कापून टाकायचा अन् उरलेला होज परत बसवायचा, लांबी पुरत असेल तर. नवी क्लिप लावा, तार गुंडाळू नका. मधे फाटला तर पूर्ण बदला. चिकटपट्टी लावून घाटात जाऊ नका.

होजमध्ये इंजिन ऑइल निघालं तर पंप अन् एनआरव्ही बघा, ब्रेक ऑइल निघालं तर मास्टर सिलिंडर. अन् हे सगळं व्हॅक्यूम बूस्टरच्या गाडीचं आहे, तुमची एअर ब्रेकची असेल तर यातलं काही लागू नाही. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करायची सवय असेल तर ती सोडा, इंजिनसोबत पंपही थांबतो.

गॅरेजवाल्याला एवढंच सांगा की गाडी तापवून आणतो, माझ्यासमोर होजची दोन्ही टोकं काढून दाखव. तो नाही म्हणाला तर दुसरा मिस्त्री बघा.