मागच्या खुर्चीवरची अधिकारी

(वाचकांचे प्रश्न. उत्तरे देत आहेत नौदलाच्या हवाई शाखेतून निवृत्त झालेले, सध्या मालवणला राहणारे एक मास्टर चीफ (नौदलातला एक हुद्दा).)

प्रश्न : ८ मार्चच्या भित्तिपत्रकासाठी आमच्या शाळेतल्या मुलींनी लेफ्टनंट किरण शेखावत यांची माहिती काढली. मार्च २०१५ मध्ये गोव्याजवळ समुद्रात नौदलाचं डॉर्नियर विमान कोसळलं, त्यात त्या गेल्या. मुलींना जन्मतारीख मिळाली, फोटो मिळाला, ‘कर्तव्यावर प्राण गमावलेली नौदलाची पहिली महिला अधिकारी’ हे शब्द तर दहा ठिकाणी मिळाले. सातवीतल्या एकीने विचारलं, “बाई, ती विमान चालवत नव्हती ना? मग मागे बसून काय करत होती?” मला काही सांगता आलं नाही. – एक शिक्षिका, देवगड तालुका

उत्तर : बाई, हंगाम आला की त्या मुलीला माझ्यातर्फे एक हापूस द्या. भाषणं पुष्कळ ऐकली, पण हा प्रश्न कुणी विचारताना मी ऐकलेला नाही.

लेफ्टनंट शेखावत ऑब्झर्व्हर होत्या. पायलट विमान उडवतो. विमान कुठे न्यायचं, काय शोधायचं आणि सापडलं तर पुढे काय, हे ऑब्झर्व्हर बघतो. डॉर्नियर म्हणजे कानपूरला एचएएलमध्ये, म्हणजे सरकारी विमान कारखान्यात बनणारं, दोन पंख्यांचं छोटं विमान. आपल्या किनाऱ्यावरून जाताना तुमच्या मुलींनी ते नक्की पाहिलं असेल. पोटाखाली फुगवटा दिसतो ना, त्यात रडार असतं. त्या रडारचा पडदा आत पायलटांच्या पाठीमागे ऑब्झर्व्हरच्या समोर असतो.

आता रात्रीची वेळ धरा. मासेमारीचा हंगाम आहे. रत्नागिरी ते कारवार या पट्ट्यात पडद्यावर ठिपकेच ठिपके. त्यात ट्रॉलर आहेत, पर्ससीन जाळ्याच्या होड्या आहेत, आखाताकडून येणारे टँकर आहेत, एखादं लाकडी गलबत आहे. मोठी जहाजं आपलं नाव, दिशा, वेग रेडिओवरून आपोआप सांगत असतात. छोट्या होड्या सांगत नाहीत. प्रत्येक ठिपक्याची जागा टिपायची, त्याचा वेग काढायचा, शंका आली तर व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबर चॅनेलवर हाक मारायची, उत्तर पटलं नाही तर पायलटला सांगायचं, “डावीकडे घ्या, खाली उतरून बघू.” २६/११ चे हल्लेखोर ‘कुबेर’ नावाच्या पळवलेल्या मच्छीमार नौकेतून मुंबईजवळ आले होते. तेव्हापासून हे ठिपके मोजायच्या कामाला किती वजन आलं ते वेगळं सांगायला नको.

माझं काम विमानातल्या विजेचं. ऑब्झर्व्हरच्या कन्सोलमागे, म्हणजे तो पडदा बसवलेल्या पेटीमागे हात घालताना मनगट सोलवटलं नाही असा आमच्यातला एकही नसेल, इतकी अडचणीची जागा. आत इंजिनांचा आवाज असा की हेडफोन काढला तर शेजारच्याशी ओरडूनच बोलावं लागतं. अशा जागी तासन् तास पडद्यावर नजर ठेवायची. उतरल्यावर ऑब्झर्व्हर आम्हाला स्नॅग, म्हणजे बिघाड सांगायचा, तेव्हा माणूस कळायचा. एक म्हणणार, “रडार बरोबर नाही.” दुसरा म्हणणार, “उजवं वळण घेतलं की डाव्या अंगाची पट्टी दोन फेऱ्या गायब होते, सरळ झालं की परत येते.” या दुसऱ्याचं विमान आम्ही जेवण सोडून दुरुस्त करायचो. लेफ्टनंट शेखावत यांच्या वेळी मी नोकरीत नव्हतो, त्यामुळे त्या यातल्या कुठल्या हे मी सांगणं बरोबर नाही. पण ती खुर्ची मला माहीत आहे.

मुलगी विचारील, मग पायलट का नाही झाली? त्या काळी नौदलात बायकांना पायलट होता येत नव्हतं. ऑब्झर्व्हरची वाट तेवढी मोकळी झाली होती आणि तीही नुकतीच. पहिल्या दोघींना ती पदवी मिळाली नोव्हेंबर २००९ मध्ये, कोचीला. शेखावत नौदलात आल्या २०१० मध्ये. नौदलाची पहिली महिला पायलट झाली २ डिसेंबर २०१९ ला, सब लेफ्टनंट शिवांगी, आणि तिला उडवायला मिळालं तेही हेच डॉर्नियर. म्हणून मागची खुर्ची कमी दर्जाची असं मुलींनी समजू नये. ऑब्झर्व्हर पुढे स्क्वाड्रनचा, म्हणजे विमानांच्या तुकडीचा, कमांडिंग ऑफिसरही होतो. माझे दोन सीओ ऑब्झर्व्हर होते आणि पायलट त्यांच्यापुढे खाड्‌कन उभे राहायचे.

आता त्या रात्रीचं. २४ मार्च २०१५. गोव्याच्या आयएनएस हंसा तळावरचं, ३१० नंबरच्या स्क्वाड्रनचं विमान सरावाच्या उड्डाणावर होतं. आत तिघं. रात्री दहाच्या सुमारास संपर्क तुटला. विमान गोव्याच्या नैर्ऋत्येला, किनाऱ्यापासून साधारण २५ सागरी मैलांवर पाण्यात पडलं. डॉर्नियरमध्ये लढाऊ विमानासारखी उडून बाहेर पडणारी खुर्ची नसते. पाण्यावर आपटल्यावर बुडायच्या आत दारातून निघायचं, तेही काळोखात. तिघांतल्या एका कमांडरना एका मच्छीमार नौकेने पाण्यातून उचललं आणि ते वाचले. लेफ्टनंट शेखावत आणि पायलट लेफ्टनंट अभिनव नागोरी सापडेनात.

मग शोध. पाण्यावर तरंगणारं सामान विमानांना आणि जहाजांना दिसतं, पण विमानाचा सांगाडा तळाला जातो. तो शोधायला आयएनएस मकर हे जहाज लावलं. कारवारचं हे जहाज सागरी सर्वेक्षणाचं, दोन धडं शेजारी जोडलेलं, म्हणजे कॅटामरान. अशी जहाजं ध्वनिलहरींनी तळाचं चित्र काढत जातात. नांगरणी करावी तसं एकाला एक लागून पट्टे मारायचे, मधे जागा सोडायची नाही. मकरला सांगाडा सापडला. पाणबुडे उतरले आणि २६ मार्चला त्यातून लेफ्टनंट शेखावत यांचा देह वर आणला. खोली होती सुमारे ६० मीटर. तिथे अंगावर पाण्याचा दाब हवेच्या सातपट असतो. खाली मोजकीच मिनिटं मिळतात आणि वर येताना थांबत थांबत यावं लागतं, नाहीतर पाणबुड्याच्याच जिवावर बेततं.

भित्तिपत्रकात जन्माची ओळ घालाच : १ मे १९८८, मुंबई. वडील नौदलातच होते, त्यामुळे बालपण नौदलाच्या वसाहतींतलं. मूळ गाव राजस्थानात, सासर हरयाणातल्या मेवात भागात कुर्थला इथे, पतीही नौदलात अधिकारी. अंत्यसंस्कार कुर्थल्याला झाले. आणि अपघाताच्या दोनच महिने आधी, २६ जानेवारी २०१५ ला, राजपथावर तिन्ही दलांच्या महिलांच्या तुकड्या पहिल्यांदा चालल्या, त्या संचलनात त्या होत्या. संचलनाचा फोटो मुली लावतीलच, तो देखणा आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्याच्या शेजारी एक रडारचा पडदा काढा. काळा गोल, हिरवे ठिपके, आणि खाली ठिपक्यांचे अर्थ. आणि ती मच्छीमार नौका विसरू नका. तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्या घरी होडी असेल.

प्रश्न : १ ऑक्टोबर २००२ ला सकाळी मी एसटी घेऊन वास्कोला होतो. आकाशात दोन विमानं एकमेकांवर आदळली, ते डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर त्याचा उल्लेख मला कुठे दिसत नाही. लोक विसरले का? – निवृत्त चालक, कुडाळ

उत्तर : दाबोळीत, म्हणजे वास्कोजवळच्या त्या हंसा तळावर, कुणी विसरलेलं नाही. ती दोन्ही विमानं इल्युशिन-३८, पाणबुड्या शोधणारी, चार इंजिनांची, रशियन बनावटीची. स्क्वाड्रन ३१५. ती १ ऑक्टोबर १९७७ ला सुरू झाली, म्हणजे तो दिवस तिच्या रौप्यमहोत्सवाचा. त्यासाठीच विमानं जोडीने उडत होती. जोडीने उडताना एवढ्या मोठ्या विमानांत अंतर चुकलं तर सावरायला जागाच नसते. दोन्ही विमानांत मिळून बारा जण होते, बाराही गेले. खाली जमिनीवरचे काही नागरिकही गेले.

पाहुणे जमलेले, मांडव घातलेला, कुटुंबं नटून आलेली, असा तो दिवस होता. घरच्यांनी आपली माणसं डोळ्यांसमोर गमावली. एरवी अपघात दूर पाण्यावर होतो आणि बातमी दाराशी येते. गाडी थांबते, दोन अधिकारी उतरतात, सोबत एखाद्या अधिकाऱ्याची बायको असते. वसाहतीत अशी गाडी वळली की प्रत्येक घरातली बाई ती पुढे जाते का बघते. त्या दिवशी अशा गाडीची गरजच पडली नाही.

आणि हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या शेडमध्ये, काय होतं ते बाहेर कुणाला ठाऊक नसतं. अपघात झाला की आधी त्या विमानाच्या वह्या सील होतात. कुणी काय तपासलं, कुठे सही केली, सगळं कपाटबंद. ज्यांच्या सह्या असतात ती पोरं चौकशी होईपर्यंत एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. जेवायला बसतात, ताट तसंच राहतं. त्यांना कुणी फूल वाहत नाही, वाहायचं कारणही नाही, पण तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं. ३१५ पुढे वीस वर्षं उडत राहिली. त्या जातीची विमानं नौदलाने ३१ ऑक्टोबर २०२३ ला निवृत्त केली.

प्रश्न : लढाईत गेलेल्याला आणि सरावात गेलेल्याला सरकार वेगळं मोजतं का? आणि समुद्रात माणूस सापडलाच नाही तर घरच्यांनी सात वर्षं थांबायचं का? – वाचक, बदलापूर

उत्तर : पेन्शनच्या हिशेबात वेगळं मोजतं. शत्रूच्या कारवाईत गेलेल्याच्या कुटुंबाला शेवटच्या पगाराइतकी उदारीकृत कौटुंबिक पेन्शन मिळते. कामावर असताना अपघातात गेला तर विशेष कौटुंबिक पेन्शन, ती पगाराच्या ६० टक्के. विमानाला बिघडताना युद्ध चालू आहे की शांतता हे कळत नाही, त्यामुळे हा फरक मला पटत नाही. पण नियम असा आहे.

सात वर्षांचं कलम सर्वसामान्य नागरिकांसाठी. सैन्यात चौकशी मंडळ परिस्थिती पाहून ‘मृत मानावं’ असं आधीच ठरवू शकतं. २२ जुलै २०१६ ला हवाई दलाचं एएन-३२ हे वाहतुकीचं विमान तांबरमहून पोर्ट ब्लेअरला जाताना बंगालच्या उपसागरावर नाहीसं झालं. आत २९ जण, त्यात नौदलाचेही. काही आठवड्यांतच सगळ्यांना मृत मानलं गेलं, कागदपत्रं मार्गी लागली. अवशेष दिसले ते जानेवारी २०२४ मध्ये, चेन्नईपासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३४०० मीटर खोल. पेन्शन सुरू होऊन सात वर्षं उलटलेली आणि घरात कुणीतरी अजून फोन वाजला की दचकतं, ही अवस्था कुठलं मंडळ मिटवणार?

सापडतो तेव्हाही वेळ लागतो. नौदलाचे कमांडर निशांत सिंह यांचं मिग-२९के हे लढाऊ विमान २६ नोव्हेंबर २०२० ला गोव्याजवळ समुद्रात पडलं. सोबतचा पायलट लवकर सापडला, त्यांना शोधून काढायला ७ डिसेंबर उजाडला. खोली सुमारे ७० मीटर.

प्रश्न : मे महिन्यात शारजाहून मुलांना घेऊन गोव्याला येतोय. समुद्रकिनारे झाले, चर्च झाली. नौदलाच्या विमानांचं काही बघण्यासारखं आहे का? – वाचक, शारजा

उत्तर : आहे ना. दाबोळीजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं हवाई संग्रहालय आहे, १९९८ पासून. सोमवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. मे महिन्यात सकाळी लवकर जा, कारण विमानं उघड्यावर उभी आहेत आणि पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. पोरं हात लावणारच.

सी हॅरियर या लढाऊ विमानापुढे गर्दी असते, फोटो तिथे काढा. मग अलिझे शोधा. हे फ्रेंच बनावटीचं, एका पंख्याचं, जुन्या ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजावरून उडणारं विमान. १९६१ साली ३१० नंबरची स्क्वाड्रन उभी राहिली ती याच विमानांवर. वर देवगडच्या बाईंना लिहिलेलं डॉर्नियर त्याच स्क्वाड्रनचं. अलिझेत तिघं बसायचे, आणि ऑब्झर्व्हरच्या जागेची खिडकी बाजूला आहे, केवढीशी ते बघा. उंच मुलगा असेल तर त्याला विचारा, आत बसून चार तास नकाशावर रेघा मारशील का. शेजारचं चार इंजिनांचं मोठं धूड म्हणजे सुपर कॉन्स्टेलेशन, एके काळी एअर इंडियाचं प्रवासी विमान, पुढे समुद्रावर गस्त घालायला नौदलात आलेलं. तिथे मात्र पोरांना सावली मिळेल, पंखाखाली.