वाचक विचारतात : नवख्या क्वार्टरबॅकचं कोण ऐकतं?

प्रश्न : भाचा ह्यूस्टनला असतो. त्याच्या नादानं आम्हीही रविवारी रात्री जागून एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगचे, सामने पाहतो. तो म्हणतो, तिथल्या टेक्सन्स संघाच्या जुन्या खेळाडूंनी क्वार्टरबॅकला (चाल सांगून चेंडू फेकणाऱ्याला), सी. जे. स्ट्राऊडला, पहिल्याच मोसमात मानलं. बावीस वर्षांच्या पोराचा शब्द तिशीतले गडी कशामुळे झेलतात?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ड्राफ्टमधल्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या, क्रमांकामुळे नक्कीच नाही. स्ट्राऊड २०२३ मध्ये दुसरा निवडला गेला. आदल्या वर्षीचा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी २६२वा, अगदी शेवटचा होता. तरी डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोची धुरा हाती आल्यावर नियमित मोसमात तो सुरुवातीपासून खेळला ते पाचही सामने संघानं जिंकले.

पारख सुरू होते हडलमध्ये, म्हणजे चालीआधी खेळाडू घोळका करतात तिथे. एक चाल संपली की बहुतेक वेळा पुढची सुरू करायला ४० सेकंद मिळतात. प्रशिक्षकाचा आवाज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या रेडिओवर येतो आणि घड्याळात १५ सेकंद उरले की बंद होतो. तेवढ्यात त्यानं चाल ऐकायची आणि उरलेल्या दहा जणांना सांगायची. एका चालीत दहा-बारा शब्द असू शकतात : रचना, बचाव, कोणी कुठून धावायचं, चेंडू कितव्या हाकेला उचलायचा. नवखा मधेच अडखळला की कोणीतरी ‘काय?’ विचारतो, वेळ जातो आणि पाच यार्डांचा दंड बसतो. हाकेत गफलत झाली तर लाइनमन (क्वार्टरबॅकपुढे आडोसा धरणारा) आधीच हलतो; पुन्हा पाच यार्ड. म्हणून चाली नुसत्या वाचून भागत नाही. त्या मोठ्यानं, घड्याळ लावून म्हणाव्या लागतात.

पण खरा विश्वास मिळतो तो लाइनमनांकडून, आणि टीव्हीवर तो जवळजवळ दिसतच नाही. हे पाच जण प्रत्येकी १३५ किलोंच्या आसपासचे. ते अडीच-तीन सेकंद आडोसा धरतात. त्यांच्यातला कडेचा, म्हणजे टॅकल, समोरच्याला बाहेरून वळसा घालायला लावतो, कारण क्वार्टरबॅक आखलेल्या जागीच उभा असेल हे त्यानं गृहीत धरलेलं असतं. घाबरलेला नवखा आणखी दोन-तीन यार्ड मागे सरकतो आणि नेमका त्या वळशाच्या वाटेत जाऊन उभा राहतो. सॅक होतो, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच तो पाडला जातो; प्रेक्षक टॅकलला बोल लावतात. दुसऱ्या दिवशी चित्रफीत पाहताना मात्र चूक कोणाची ते सगळ्यांना कळतं. मागे पळण्याऐवजी एक पाऊल पुढे, पॉकेटमध्ये (लाइनमनांच्या आडोशात) शिरणारा पोरगा त्यांना आवडतो.

रिसीव्हरचा, म्हणजे चेंडू झेलणाऱ्याचा, हिशेब बरगड्यांचा. मैदानाच्या मध्यावर उशिरा आणि उंच आलेल्या चेंडूसाठी तो हात वर ताणतो, अंग उघडं पडतं आणि सेफ्टी (प्रतिस्पर्ध्यांचा मागचा बचावपटू) येऊन आदळतो. चेंडू वेळेवर, छातीच्या उंचीला आणि अंगावर येणाऱ्यापासून दूरच्या बाजूला हवा. इंटरसेप्शन झालं, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्यानं झेलला, तर माइकसमोर ‘चूक माझी’ म्हणावं. रिसीव्हर चुकीच्या दिशेनं धावला असेल तर ते बंद खोलीत बोलावं. हा शिष्टाचार नवख्यानं पाळला की जुने खेळाडू आपणहून त्याच्या बाजूनं बोलतात.

आता स्ट्राऊडचे आकडे पाहा. पहिल्या मोसमात १५ सामने, २३ टचडाऊन पास (गुण मिळवून देणारे) आणि फक्त ५ इंटरसेप्शन. ५ नोव्हेंबर २०२३ ला टॅम्पा बेविरुद्ध त्यानं ४७० यार्ड फेकले. एका सामन्यात कोणाही नवख्यानं इतके फेकले नव्हते. ४६ सेकंद उरले असताना ७५ यार्ड जायचे होते, आणि त्यानं संघाला तिथवर नेलं. निकाल ३९-३७. आदल्या वर्षी तीनच सामने जिंकलेला संघ त्या मोसमात दहा जिंकला. त्या ४६ सेकंदांत आपला पोरगा गडबडणार नाही, हे लाइनमनांना आधीच ठाऊक असावं लागतं.

प्रश्न : मुलगी कॉलेजच्या फ्लॅग फुटबॉल (पाडण्याऐवजी कमरेची पट्टी ओढायचा प्रकार) संघात क्वार्टरबॅक झाली आहे. सीनियर ताया हडलमध्येच चाल बदलतात. तिनं काय करावं?
– एक पालक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ताईंशी वाद मैदानावर नको. सरावाआधी प्रत्येकीला विचारावं, ‘ताई, तुम्हाला कुठली धाव जमते?’ त्यातून सहा-आठच चाली ठरवाव्यात आणि मनगटाच्या पट्टीवर क्रमांकानं लिहाव्यात. पाच जणींच्या खेळात तेवढ्या पुरतात. हडलमध्ये क्रमांक दोनदा सांगावा. ‘तुम्हाला काय वाटतं?’ हा प्रश्न तिथे विचारू नये. त्यासाठी दोन चालींच्या मधली नव्हे, मध्यंतराची वेळ ठेवावी.

सात यार्डांवरून तिच्यावर धावत येणारी प्रतिस्पर्धी, म्हणजे रशर, जवळ यायच्या आत, साधारण तीन सेकंदांत, चेंडू हातातून सुटायला हवा. सरावानंतर प्रत्येकीला वीस चेंडू टाकावेत, निम्मे डावीकडे धावताना. आणि एखाद्या ताईच्या हातून चेंडू सुटला, तर पुढच्या दोन-तीन चालींत एक सोपा चेंडू मुद्दाम तिच्याकडेच टाकावा.