सबवेत वाजवणं म्हणजे भीक मागणं का?

प्रश्न : माझी मुलगी न्यूयॉर्कला एमएस करतेय. व्हायोलिन लहानपणापासून शिकलीये, आपलं हिंदुस्तानी. आता म्हणते दर शनिवारी सबवेच्या, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेच्या, स्टेशनात बसून वाजवणार, पुढे व्हायोलिनची केस (पेटी) उघडी ठेवणार, लोक टाकतील ते पैसे. सासूबाई म्हणतात ही भीकच झाली. मला लाज नाही वाटत हो, पण पोलिसांनी पकडलं तर?
– एक आई

उत्तर : ताई, पोलिसांचं आधी सांगते. तिथे सबवे स्टेशनात वाजवायला आणि लोक देतील ते पैसे घ्यायला परवानगी आहे, लायसन्सही लागत नाही. एमटीएची, म्हणजे ही सबवे चालवणाऱ्या संस्थेची, ऑडिशन घेऊन कलाकार निवडायची एक योजना आहे, १९८५ पासूनची, त्यात निवड झाली की ठरलेली जागा आणि वेळ मिळते. पण तिच्याबाहेरही वाजवता येतं. फक्त गाडीच्या डब्यात वाजवायचं नाही, तिकीट बूथपासून २५ फूट लांब बसायचं, अनाउन्समेंट चालू असताना थांबायचं, आणि प्लॅटफॉर्मवर अ‍ॅम्प्लिफायर अजिबात नाही. म्हणजे मोबाईलवरचा तानपुरा ब्लूटूथ स्पीकरला लावून बसणार असेल तर तेही प्लॅटफॉर्मवर चालणार नाही, हे तिला नक्की सांगा, आपल्याकडची मुलं तानपुऱ्याशिवाय बसतच नाहीत ना.

मला काळजी वाटते ती व्हिसाची. स्टुडंट व्हिसावर कॉलेजबाहेर परवानगीशिवाय कमाई करता येत नाही, आणि केसमध्ये पडलेले डॉलर ही कमाईच धरली जाऊ शकते. त्यामुळे आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसात विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत वाजवायचं असेल तर केस बंद ठेवून वाजवायचं. सासूबाईंचा प्रश्नही तेवढ्यापुरता मिटेल.

पण सासूबाईंना माझ्याकडून एक सांगा. भीक मागणारा हात पुढे करतो, ही तर आधी वाजवणार, मग ज्याला वाटेल तो देईल, नाही वाटलं तर पुढे जाईल. आपल्याकडे वासुदेव पहाटे दारात गाऊन दान घ्यायचा, त्याला कुणी भिकारी म्हटलं का?

आणि लोक थांबले नाहीत म्हणून तिने रडत घरी यायचं नाही. जोशुआ बेल एवढा मोठा व्हायोलिनवादक, १२ जानेवारी २००७ ला वॉशिंग्टनच्या मेट्रो स्टेशनात साधे कपडे घालून सकाळच्या गर्दीत पाऊण तास वाजवत होता, हजारावर माणसं समोरून गेली, थांबून ऐकणारी मोजून ७, आणि बहुतेकांनी त्याला ओळखलंच नाही. वादनात काही कमी होतं म्हणून नाही, सकाळी सगळ्यांना ऑफिस गाठायचं असतं म्हणून. शनिवार दुपार त्यापेक्षा खूप बरी.

वाजवायचं काय ते बघा. विलंबित, म्हणजे संथ आलाप तिथे टिकत नाही, गाडी आली की चाकांच्या आवाजात खालचा सा अख्खा बुडतो आणि दार बंद होईपर्यंत ऐकणारा माणूस गाडीत गेलेला असतो. छोटी धून, द्रुत (जलद) बंदिश, भजन, तीन-चार मिनिटांत पूर्ण होईल असं काही. गाडी येताना दिसली की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाठायची आणि थांबायचं, आवाजाशी मारामारी करत गज (व्हायोलिनचा बो) दाबला की सूर चिरकतो. टाइल्सच्या भिंतींजवळ बसली तर मात्र वरचे सूर छान घुमतात, ते तिला स्वतःलाच आवडेल. बसून वाजवते म्हणून घडीचं स्टूल न्यायचं, आणि पहिल्या दिवशी सोबत एखादी मैत्रीण असू दे, डोळे मिटून वाजवायची सवय असेल तर सामानाकडे बघायला कुणीतरी हवंच.