फ्रेम रिलेमधला 'रिले' नेमका कोणता?

यावलकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. डिप्लोमाला नेटवर्किंग आहे, त्यात फ्रेम रिले (लांबलांबच्या कॉम्प्युटरांमधे डेटाचे गठ्ठे, म्हणजे फ्रेम, पोचवायची एक पद्धत) आलं, वर्गात कोणाच्यातरी वहीत त्याचं मराठी 'चौकट प्रसारण' असं लिहिलेलं, मैत्रीण म्हणते 'चौकट सहक्षेपण' पाहिजे, तर बरोबर कोण, आणि हा रिले म्हणजे रिले शर्यतीतलाच का?

ताई, शर्यतीचा अंदाज तुमचा बराच जवळ गेलाय, पण वहीतले दोन्ही शब्द मला चुकीचे वाटतात. प्रसारण म्हणजे एकाने बोलायचं नि ज्याच्याकडे रेडिओ आहे त्या सगळ्यांनी ऐकायचं. सहक्षेपण हा आकाशवाणीचा शब्द, दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम आपलं जळगाव केंद्र त्याच वेळी पुढं ऐकवतं ते सहक्षेपण, तिथेही ऐकणारे सगळेच. फ्रेम रिलेमध्ये मात्र माल एका ठिकाणाहून निघतो आणि ठरलेल्या एकाच ठिकाणी पोचतो, गावभर दवंडी नसते.

मूळ शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि तो शिकारीचा आहे. वाटेत ठिकठिकाणी ताज्या दमाची कुत्री उभी करून ठेवायची, दमलेली थांबली की ती पुढं सुटायची, त्याला रिले म्हणत. मग तेच डाकेच्या घोड्यांना लागलं, टप्प्यावर घोडा बदलायचा नि थैली पुढं. नंतर तारायंत्र आलं, लांबून येईपर्यंत सिग्नल अशक्त व्हायचा, मग मधे एक उपकरण बसवलं की तो अशक्त सिग्नल नवीन बॅटरीला जागं करायचा आणि ताज्या जोराने निरोप पुढं जायचा. म्हणजे घोड्याच्या जागी बॅटरी आली, शब्द तोच राहिला. आपल्याकडे केळीच्या मळ्यात मोटारीच्या स्टार्टरमधे जो रिले असतो, 'रिले ट्रिप झाला' म्हणून रात्री टॉर्च घेऊन विहिरीवर जावं लागतं, तो याच खानदानातला, फक्त त्याचं काम आता निरोप देण्याऐवजी मोटार वाचवायचं झालंय.

आता फ्रेम रिले. घराचा स्लॅब पडताना बघितलंय ना, मिक्सरपासून वरपर्यंत माणसांची रांग लागते नि घमेलं या हातातून त्या हातात जातं. मधला माणूस घमेल्यात खडी किती नि सिमेंट किती हे बघत नाही, फक्त पुढं देतो. हे झालं फ्रेम रिले. याच्या आधी डेटा पोचवायची जी एक्स २५ नावाची पद्धत होती (१९७६ चं स्टँडर्ड), त्यात रांगेतला प्रत्येकजण घमेलं तपासायचा, मागच्याला पोचपावती द्यायचा, आणि पुढच्याची पावती येईपर्यंत स्वतःजवळ एक नक्कल धरून ठेवायचा. वेडेपणा नव्हता तो, तेव्हा तांब्याच्या तारा खरखरत्या होत्या, वाटेत डेटा बिघडायचाच. पुढं फायबर आलं, लाइनी स्वच्छ झाल्या, टोकाची कॉम्प्युटरं हुशार झाली, मग एवढी चौकशी कशाला असा विचार आला. आयएसडीएनच्या (डिजिटल टेलिफोन नेटवर्कच्या) कामातून १९८० च्या दशकात हे निघालं आणि १९९० मध्ये सिस्को, स्ट्रॅटाकॉम, डिजिटल आणि नॉर्दर्न टेलिकॉम या चार कंपन्यांनी मिळून त्याला पुढं रेटलं.

मधला स्विच, म्हणजे रांगेतल्या माणसाच्या जागचं यंत्र, एवढंच बघतो की फ्रेम धड आहे का आणि पुढं कुठं द्यायची. फाटलेली असली तर गुपचूप टाकून देतो, मागच्याला सांगतही नाही. मग हिशोब कोण ठेवतो? वरचा मिस्त्री! त्याला कमी पडलं की तो खाली ओरडतो अजून एक दे. नेटवर्कात ते टीसीपीचं काम, म्हणजे टोकाच्या कॉम्प्युटरांवर चालणाऱ्या नियमांचं.

फ्रेमवर एक नंबर असतो, डीएलसीआय (ही फ्रेम कोणत्या जोडणीची ते सांगणारा), बहुतेक वेळा १० बिटांचा म्हणजे ० ते १०२३, त्यातले काही राखीव. पोरं हमखास अडकतात ती इथेच, त्यांना वाटतं हा पोचायच्या ठिकाणाचा पत्ता आहे. तसं नाही, तो एसटी स्टँडच्या फलाट नंबरसारखा आहे. जळगावला धुळ्याची गाडी एका फलाटावर लागते, धुळ्याला जळगावची लागते तो नंबर वेगळा, आणि जळगावचा फलाट नंबर धुळ्यात सांगून काही उपयोग नाही. प्रत्येक स्विचवर हा नंबर बदलू शकतो, त्या त्या तुकड्यापुरताच तो खरा.

पुस्तकात पुढं पर्मनंट व्हर्च्युअल सर्किट येतं आणि त्याचं मराठी झालेलं असतं 'कायमस्वरूपी आभासी मंडल', वाचूनच घाम फुटतो. आभासी म्हटलं की मृगजळ डोळ्यासमोर येतं, आहे असं वाटतं पण नाही. इथे तर डेटा खरोखर जातो! वेगळी तार ओढलेली नाही, पण आहे असं मानून सगळा व्यवहार चालतो. याला मराठीत शब्द आहे की, सरकारी कागदातला, मानीव. हाउसिंग सोसायटीवाले मानीव अभिहस्तांतरणासाठी चकरा मारतात, त्यातला मानीव. मी तरी 'मानीव सर्किट' म्हणेन, सर्किटला हात लावू नका, मंडल म्हटलं की महसूल मंडळ आठवतं.

आणि ही मानीव भानगड कशासाठी, तर पैशासाठी. समजा १० शाखा एकमेकींना जोडायच्या, प्रत्येकीला प्रत्येकीशी वेगळी लाइन घ्यायची तर ४५ लाइनी लागतात. फ्रेम रिलेत १० जोडण्या पुरतात, बाकीचं सगळं कंपनीच्या ढगात मानीव.

सीआयआर (कमिटेड इन्फर्मेशन रेट) नावाचा प्रकार तर आपल्या कापूसवाल्यांना चटकन कळेल, तो वेगाचा हमीभाव आहे. ६४ केबीपीएसची (सेकंदाला ६४ हजार बिटांची) हमी घेतली तर नेहमीच्या परिस्थितीत तेवढं जाणार. वरचं पाठवता येतं, पण त्यावर डीई (डिस्कार्ड एलिजिबल, टाकायला चालेल अशी) नावाची खूण पडते, अर्थ असा की गर्दी झाली तर पहिले मला फेका.

राहिली चौकट. हा शब्द मात्र मला आवडतो, फ्रेमच्या पुढं नि मागं ०११११११० असा ठराविक ठोकळा असतो, दाराच्या दोन बाह्यांसारखा, मधे माल. पण पत्त्यातली चौकट पण आहे ना आपल्याकडे, 'चौकट हातोहात' म्हटलं तर बसलाच डाव!

तर परीक्षेत नाव 'फ्रेम रिले' असंच लिहा, नावाचं मराठी करायच्या नादी लागू नका. खाली समजावताना 'फ्रेम उघडून न बघता हातोहात पुढं देणं' असं लिहा, पेपर तपासणाऱ्याला कळेल तुम्हाला कळलंय. कंपन्या आता एमपीएलएसवर (लेबल बघून डेटा पुढं ढकलायची नंतरची पद्धत) आणि त्याच्याही पुढं गेल्या आहेत, कामावर लागल्यावर फ्रेम रिले क्वचितच भेटेल, पण एमपीएलएसमध्येही लेबल वाटेत असंच बदलत जातं, तेव्हा फलाटाचं उदाहरण तेवढं लक्षात ठेवा, तिथेही चालेल.