घणसोलीत ऑफिसातून निघालेला ब्रँडेड डेस्कटॉप घेतला आहे: आय५-८५०० प्रोसेसर (इंटेलची आठवी पिढी), ८ जीबी रॅमची एकच पट्टी, २६० वॅटचा पॉवर सप्लाय. गेमिंगसाठी आधी काय बदलू?

आधी ग्राफिक्स कार्ड घाला, पण वेगळी पॉवर केबल न लागणारंच. मदरबोर्डचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो, म्हणून ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० (७० वॅट) तुम्हाला बरोबर बसेल. याच नावाचं ८ जीबीचंही कार्ड मिळतं, त्याला मात्र वेगळी केबल लागते. बिल करताना खोक्यावर नीट बघा. आरएक्स ६४०० हे दुसरं कार्ड आणखी कमी वीज खातं, तरी तुमच्यासाठी नको. ते डेटाच्या चारच वाटांवर (लेनवर) चालतं आणि तुमचा आठव्या पिढीचा बोर्ड पीसीआयई ३.० चा, म्हणजे स्लॉटचा वेग जुन्या पिढीचा, त्यामुळे बऱ्याच गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम कमी होतात.

अशीच मशीन मी ओळखीच्यांना बसवून दिली आहेत, त्यावरून सांगतो: कार्डासोबत ८ जीबीची दुसरी पट्टीही टाका. ड्युअल चॅनेल झालं, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकत्र काम करू लागल्या, की गेम अडखळणं बरंच कमी होतं. प्रोसेसर सहा कोअरचा आहे, त्याला हात लावू नका. पॉवर सप्लाय बदलायच्या फंदातही पडू नका. अशा बऱ्याच मशीनच्या बोर्डाला नेहमीचा २४ पिनचा कनेक्टर बसतच नाही.

एकच अट: कॅबिनेट बारीक असेल तर कार्ड लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं हवं. झाकण उघडून आतली जागा मोजपट्टीने मोजा, मगच लॅमिंग्टन रोडला, मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या बाजारात जा. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठायचं, आणि कार्ड उंच निघालं म्हणून परत यायचं, हे टळेल.